झरीच्या बाजेवरची राष्ट्राध्यक्ष

कमलबाईंनी बाळंतिणीची बाज माळ्यावरून उतरवून नव्या सुतळीनं विणून घेतली. राजेश्रीचं पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच व्हायचं. त्यात विचारायचं काय? लेक अमेरिकेत गेली म्हणून रीत काही अमेरिकेत जात नाही. राजेश्री जन्मली तेव्हाचा पहिला महिनाही याच बाजेवर गेला होता. बाज झटकताना कमलबाईंना अजून ओव्याच्या धुरीचा वास येई.

तेवढ्यात सेलूहून व्याही बन्सीधर गुरुजींचा फोन आला.

"इनबाई, बाळंतपण तिकडंच होऊ द्या. लेकरू इथं जन्मलं तर त्याला तिथला राष्ट्राध्यक्ष होता येत न्हाई."

"पाव्हणं, लेकरू अजून पोटात हाय. पाळण्याच्या आदी खुर्ची कुठं मांडायलात?"

पण गुरुजी पडले हेडमास्तर. रिटायर झाले तरी हट्ट कुठं रिटायर होतो? जावई योगीराज बापापुढं मान वर न करणारा. त्यानं विमानाची तिकिटं काढायचं थांबवलं. राजेश्री फोनवर रडली, "माय, मला तुझ्यापाशीच यायचंय."

कमलबाईंनी डिंकाच्या लाडवांचा डबा उचलला आणि थेट परभणी गाठली. भगवानराव वकील त्यांच्या झरी गावचेच. त्यांनी दोन दिवस पुस्तकं चाळली.

"आक्का, आई-बाप दोघंबी तिकडचे नागरिक. लेकरू झरीत जन्मलं तरी जन्मापासून तिकडचंच. अध्यक्ष होता येतंय, असंच बहुतेक जाणकार म्हणतात. कोर्टानं मात्र अजून निकाल दिला न्हाई."

"किती वय लागतंय त्याला?"

"पस्तीस."

"मंग तवर देतील की. आपल्या बांधाचा निकाल लागायला किती वर्सं लागली?"

"एकोणतीस."

"बघा! सहा वर्सं हातात ऱ्हातेत. द्या लिहून."

वकिलांनी शिक्का मारून लिहून दिलं. शिक्का बघितल्यावर गुरुजींनीच योगीराजला तिकिटं काढायला सांगितलं. त्यांचा जन्म शिक्के मारण्यात गेला होता. पण गावाला सुगावा लागला, आणि राजेश्री पोचायच्या आधीच वेशीवर फ्लेक्स लागला : 'भावी राष्ट्राध्यक्षांचे झरीनगरीत हार्दिक स्वागत'. खाली हात जोडलेले अकरा फोटो. लेकराचा तेवढा नव्हता.

परभणीच्या दवाखान्यात मुलगी झाली. पाचव्या दिवशी मायलेकी झरीच्या बाजेवर आल्या. पुन्हा शेगडी पेटली, पुन्हा ओव्याचा वास घरभर झाला. राजेश्री कितीतरी दिवसांनी दुपारी गाढ झोपली.

बारशाला गुरुजी हजर, वकीलही हजर. कमलबाईंनी भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडं बघितलं. पंधरा वर्षं गावचा सरपंच होता तो माणूस. "अमेरिकेचं मागून बघू. माझी नात आदी आजोबाच्या जाग्यावर बसंल. झरीची सरपंच!"

वकिलांचा घुगऱ्यांचा घास तोंडातच राहिला.

"आक्का, ते... जमत न्हाई. पोरगी इथली नागरिक न्हाई. इथं उभंच ऱ्हाता येणार न्हाई तिला."

गुरुजी मिशीत हसले.

"म्हंजे अमेरिका चालवंल, पण झरी न्हाई?" कमलबाईंनी विचारलं.

"कायद्यानं तसंच हाय."

कमलबाईंनी नात उचलून छातीशी धरली, पुन्हा एकदा फोटोकडं बघितलं.

"असू द्या माय. झरी चालवता चालवता ह्यांचं डोस्कं पांढरं झालतं. लेकीच्या जातीला सोपं काम असलेलंच बरं."