बस्त्याव सरांचे गिबन

बाळांनो, आमच्या वटार गावच्या बस्त्याव सरांसमोर गिबनाला माकड म्हणायची सोय नाही. परवा टीव्हीवर गिबन झुलताना दिसला आणि तुमचे आजोबा सहज म्हणाले, "माकड बघ कसं लोंबकळतंय!" सर चहाचा कप ठेवून उठलेच. "शेपूट दाखवा! नाही ना? मग कपी म्हणा, कपी!" आजोबांनी टीव्हीकडे बघून माफी मागितली, तेव्हा कुठे सर बसले.

सर आमचे शेजारी. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. गिबनांच्या प्रजाती, म्हणजे जातींचे मोठे गट, चार, आणि सरांच्या हिशेबी गावातली माणसंही त्याच चारांतली. आगाशीच्या बाजारातली आमची कोळीण गळा फुगवून ओरडते, म्हणून ती सियामांग. डोक्यावर तुरा राखणारा तिचा जावई नोमॅस्कस. मी कणीक मळताना दिसले की खिडकीतूनच हाक येते, "वहिनी, पांढऱ्या हातांचा गिबन! हायलोबेट्स!" स्वतः सर पांढऱ्या भुवयांमुळे हूलॉक. "आसामचा. भारतातले कपी म्हणजे आम्हीच," असं छाती काढून सांगतात.

गिबन सकाळी जोडीनं गातात. मुख्य तान मादीची. ती सुरू झाली की नर गप्प राहतो, मग आपली साथ जोडतो. सर हे रोज गच्चीवरून "हू... हू..." करून दाखवायचे. खाली विहिरीपाशी त्यांच्या पत्नी, रोझीबाई. चर्चच्या गायनमंडळातला पहिला आवाज त्यांचा. त्या चढती तान घेऊन उत्तर द्यायच्या आणि वर म्हणायच्या, "पुरे, उतरा आता. लोक हसतात."

यंदा रोझीबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. बोलता येईल, पण गाण्याचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या खुणांनी बोलू लागल्या. मला वाटलं, सरांचा कार्यक्रम आता बंद. पण नाही. सकाळी "हू... हू..." व्हायचं, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा "हू..."

"सर, मध्येच थांबता का हो?" मी विचारलं.

"तिथं तिचं असतं, वहिनी."

त्या दिवशी प्रजातींचं काही निघालं नाही.

काल सकाळी सर असेच थांबले होते. विहिरीकडून आवाज आला. फुटका, खरखरीत, जरासा चढून घसरलेला. मी खिडकीतून पाहिलं, तर सर गच्चीचा कठडा धरून, आ वासून उभे.

खालून घोगरी हाक आली, "अहो, आता तुमचं आहे!"