अर्विड होल्म्बर्ग यांची तोंडी परीक्षा

अठरा जानेवारी रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील डुलुथ येथील श्री. अर्विड होल्म्बर्ग, वय एक्याऐंशी, निवृत्त टपाल कर्मचारी, यांनी नेस्वा भाषेच्या प्रथम श्रेणी तोंडी परीक्षेसाठी अर्ज केला. 'परीक्षेस बसण्याचे कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'बायको वारली. शनिवारी चर्चमध्ये निरोप आहे. दोन ओळी बोलायच्या आहेत.' 'भाषा शिकल्याचे ठिकाण' या रकान्यात 'स्वयंपाकघर' असं होतं. ते मी लाल शाईनं खोडलं, कारण तिथे मान्यताप्राप्त वर्गाचं नाव लिहायचं असतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर मागाहून कुणीतरी म्हणेल की ढोबळ्यांनी लपवलं. नेस्वा ही भाषा अर्विडआजोबांनीच तयार केलेली आहे. मंडळाला हे मान्य आहे. आमच्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर तळाला तसा उल्लेखही आहे.

मी नेस्वा संवर्धन मंडळाचा परीक्षा-सचिव. मूळचा वर्ध्याचा. इथे बत्तीस वर्षं झाली, त्यामुळे ढोबळेचं 'डोब्ली' झालं. पोस्टमन, शेजारी, बँकेतली बाई, सगळ्यांचा मी डोब्ली. मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. ज्याची जीभ जशी वळते तशी वळते, त्यात काय एवढं! मंडळात परीक्षकाच्या जागेसाठी मुलाखत झाली तेव्हा मला पूर्वानुभव विचारला होता. मी सांगितलं, माझी आई 'पानी' म्हणायची, 'डोया' म्हणायची, आणि मी शाळेत जायला लागल्यापासून अकरा वर्षं तिला दर वेळी तिथल्या तिथे सुधारत होतो. पुढे ती माझ्यासमोर बोलायचीच कमी झाली. समितीवर याचा फार चांगला परिणाम झाला आणि माझी नेमणूक एकमतानं झाली.

आता भाषेविषयी. अर्विड आणि सिग्ने यांचं लग्न झालं तेव्हा ते त्याच्या आईवडिलांच्या घरात राहत. घर लहान, भिंती पातळ, आणि सासूचे कान तिखट. म्हणून दोघांनी स्वतःपुरती एक बोली रचली. सासू गेली, घर स्वतःचं झालं, पण सवय राहिली. अठ्ठ्याहत्तर साली सिग्नेचं ऑपरेशन झालं आणि ती दोन महिने बहिणीकडे विश्रांतीला गेली. अर्विडनं तिला चाळीस मिनिटांची एक टेप करून पाठवली. जगात नेस्वा भाषेचा हा एकमेव ध्वनिमुद्रित पुरावा. आम्ही तिला मूळ टेप म्हणतो.

शहाण्णव साली स्थानिक पेपरात या जोडप्यावर चार ओळी छापून आल्या आणि पुढच्याच रविवारी आमचे अध्यक्ष डग्लस पेटिबोन नऊ उत्साही मंडळी घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले. पेटिबोन विमा कंपनीत दावे तपासतात, उंची साडेसहा फूट. त्यांनी भाषेचे सर्व हक्क मंडळाला देण्याचा कागद सोबत आणला होता. अर्विडआजोबांनी तो वाचला आणि म्हणाले, "बरं, हे वेगळंच आहे." मिनेसोटात याहून कडक निषेध कुणी करत नाही. पण कागदावर निषेधाला जागा नव्हती, आणि दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायची इथे रीत नाही. आजोबांनी सही केली आणि सगळ्यांना कॉफी विचारली. पाहुण्यांनी रीतीप्रमाणे दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा हो म्हटलं. टेप घेऊन ते गेले.

तिथून भाषेचं खरं संवर्धन सुरू झालं. टेपमधला आवाज पिपाणीसारखा बारीक आहे आणि शब्द धावतात. प्रत्येक 'स'बरोबर एक शिट्टी येते. मंडळाच्या ध्वनिसमितीनं सहा वर्षं अभ्यास करून असा निष्कर्ष काढला की आदिनेस्वामध्ये स्वर खर्जात होते, ते कालांतरानं टिपेला गेले, आणि हा बदल अतिशय उच्च संस्कृतीचं लक्षण आहे. सुरुवातीला सभासद फुग्यातला वायू हुंगून बोलत. दोन हजार चार साली खजिनदार अध्यक्षीय भाषणाच्या मध्यावर भोवळ येऊन पडले, तेव्हापासून वायूवर बंदी आली आणि केवळ साधनेनं तो आवाज काढावा असा ठराव झाला. पेटिबोन साधना करतात. एवढा धिप्पाड माणूस, बोलायला लागला की कोंबडीचं पिल्लू बोलतंय असं वाटतं, आणि सभागृहातल्या आम्हा सर्वांना त्यांचा हेवा वाटतो.

शिट्टीचं काम अवघड होतं. ती समोरच्या दोन दातांत फट असल्याशिवाय नीट येत नाही. आमच्या उपाध्यक्षा डॉ. मॅरिबेथ टॉलेफ्सन दंतवैद्य आहेत. प्रथम श्रेणीच्या उमेदवारांचे दात त्या मंडळातर्फे कानशीनं घासून देतात. मीही घासून घेतले आहेत. टेपमध्ये चौदाव्या मिनिटाला स्वयंपाकघरातली किटली वाजते. तो स्वर धरायचा की व्यंजन, यावरून दोन हजार नऊ साली मंडळ फुटलं. व्यंजनवाले पूल ओलांडून पलीकडे विस्कॉन्सिनात गेले. ते आता सुपिरियर गावात जमतात आणि चुकीचं बोलतात.

टेपचा मजकूर मात्र निर्विवाद आहे. सर्व सभासदांना तो तोंडपाठ आहे. 'मांजर पलंगाखाली ओकलं आहे, पण मी पुसलं आहे' या वाक्यानं आमची प्रत्येक सभा सुरू होते, तेव्हा सगळे उभे राहतात. नंतर घर तापवायच्या भट्टीची जाळी बदलल्याचा भाग येतो, मग शेजाऱ्याच्या कुत्र्याचा. आणि सगळ्यात शेवटी दोन ओळी आहेत: 'घर फार मोठं वाटतंय. लवकर ये.'

आजोबांना सिग्नेच्या शवपेटीजवळ उभं राहून याच दोन ओळी बोलायच्या होत्या. पण नियम सात स्पष्ट सांगतो, की तीन किंवा अधिक जण ऐकत असतील तर ते जाहीर भाषण, आणि जाहीर भाषणाला प्रथम श्रेणी लागते. पास्टरबाईंना आम्ही तसं पत्र पाठवलं होतं. त्यांनी ते आजोबांना दाखवलं. आजोबांनी उगाच वाद न घालता अर्ज मागवला. मंडळानंही माणुसकी दाखवली, सहा आठवड्यांची प्रतीक्षा माफ करून गुरुवारीच परीक्षा ठेवली.

गुरुवारी बाहेर तापमान उणे सव्वीस होतं. आजोबा वेळेआधी दहा मिनिटं आले, बूट दारात काढले, हातात बदामाच्या वड्यांचा डबा. सिग्नेनं ख्रिसमसला केल्या होत्या, संपवायच्या म्हणाले. समोर आम्ही तिघं बसलो: पेटिबोन, डॉ. टॉलेफ्सन आणि नोंदवहीसह मी. पेटिबोननी त्यांना शेवटच्या दोन ओळी म्हणायला सांगितल्या.

आजोबांनी म्हटल्या. जाड, थोड्या घोगऱ्या आवाजात, सावकाश, चहाच्या टेबलावर समोरच्याशी बोलावं तशा. शिट्टी औषधालासुद्धा नाही. मी डॉ. टॉलेफ्सनकडे पाहिलं, त्या खाली मान घालून गुण लिहीत होत्या.

"आवाजाची पट्टी शून्य," पेटिबोन म्हणाले. "वेग दहात एक. अर्विड, तुमचा 'स' तर अगदीच सपाट आहे."

"दात तुटला होता हो तेव्हा," आजोबा म्हणाले. "हॉकी खेळताना. नंतर पोरीच्या लग्नात सिग्ने मागे लागली, म्हणून बसवून घेतला."

"आणि आवाज?"

"रेकॉर्डरचे सेल उतरले होते. तो हळू फिरत होता, म्हणून नव्या सेलवर ते असं चिवचिवतं. सिग्नेनं बहिणीकडे लावलं तर हसून हसून टाके तुटायची वेळ आली. मला फोन करून म्हणाली, उंदराशी लग्न केलं मी."

मला स्वतःला, खोटं कशाला बोलू, माझ्या दोन दातांमधली फट जिभेला एकदम फार मोठी लागली. पण पेटिबोन अध्यक्ष उगाच झाले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की हे उमेदवाराचं वैयक्तिक मत आहे. माणूस बदलतो, त्याचे दात बदलतात, आठवणी बदलतात. टेप बदलत नाही. उमेदवाराच्या बोलण्यात गेल्या पंचेचाळीस वर्षांत गंभीर ध्वनिबदल घडून आला आहे, आणि तो घरात दुसरं कुणी प्रमाण बोलणारं नसल्यामुळे घडला असावा. डॉ. टॉलेफ्सननी दात परत काढून द्यायची तयारी दाखवली, पण सूज उतरायला आठवडा लागेल, शनिवारपर्यंत जमणार नाही, असं त्यांनाच वाईट वाटून म्हणावं लागलं.

निकाल नापास. राहता राहिलं अपील. अपील केलं असतं तर मंडळाची पूर्ण सभा बसली असती, आणि खरं सांगतो, तिथे चार जणांना तरी दया आली असती. फॉर्म माझ्या हातात होता. मी विचारलं, "आजोबा, अपील करायचंय का?"

"छे छे," ते म्हणाले. "उगाच तुम्हाला कशाला त्रास."

आता, डुलुथमध्ये बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे काय सांगायला हवं? पहिलं नको म्हणजे नको नव्हे. दुसरंही नव्हे. तिसऱ्यांदा विचारायचं असतं. आजोबा डोळे माझ्या पेनाकडे लावून थांबले होते, दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत. पण फॉर्मवर उत्तराला रकाना एकच होता, आणि त्यात मी 'नको' लिहून टाकलं होतं. खाडाखोड केलेला फॉर्म बाद होतो. ते थोडा वेळ थांबले, मग उठून बूट घालायला लागले. वड्यांचा डबा त्यांनी आमच्यासाठीच ठेवला. एवढं झाल्यावरसुद्धा शेवटची वडी कुणी उचलली नाही, ताटातलं शेवटचं उचलायचं नाही ही इथली रीत.

शनिवारी चर्च भरलं होतं. तळघरात जेवायला भाजलेल्या हॉटडिशचे ट्रे आणि हॅमचे सँडविच मांडले होते. कुटुंबाची गैरसोय होऊ नये म्हणून मंडळानं प्रमाणित वक्ता विनामूल्य दिला होता. पेटिबोन पेटीशेजारी उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि त्या दोन ओळी मूळ टेपबरहुकूम म्हणाले. दीड सेकंद लागला. शिट्ट्या दोन्ही ठिकाणी स्वच्छ. मागच्या बाकावरचं एक पोर खुदकन हसलं, त्याच्या आईनं त्याला चिमटा काढला. आजोबा पहिल्या बाकावर बसून होते. त्यांच्या लेकीनं, कारिननं, त्यांचा हात धरला होता.

लोक जेवायला खाली गेले तेव्हा मी सांत्वनासाठी रांगेच्या शेवटी थांबलो होतो. आजोबा पेटीवर वाकले. त्यांना वाटलं असावं आता कुणी नाही. ते त्या दोन ओळी म्हणाले, त्याच जाड आवाजात, अगदी हळूहळू. 'लवकर ये' म्हणताना मध्येच थांबले, आणि मग सिग्नेनं काही विचारल्यासारखं, पुन्हा म्हणाले. कारिन भिंतीकडे तोंड करून रडत होती. मी पाय न वाजवता निघून जाणार होतो, नाही कशाला म्हणू. पण मी सचिव आहे. मी मोजलं. ऐकणारे मी एक, कारिन दोन.

तिसऱ्याचा प्रश्न मी सोमवारी समितीपुढे ठेवला. दोन तास चर्चा झाली. शेवटी असं ठरलं, की दिवंगत श्रीमती होल्म्बर्ग या नेस्वा भाषेच्या मूळ श्रोत्या असल्यामुळे त्यांना वगळणं इतिहासाचा अपमान ठरेल. सबब श्रोते तीन, भाषण जाहीर, आणि नियमभंग सिद्ध. आजोबांना नेस्वा बोलण्यास कायमची मनाई करण्यात आली. पत्र मी स्वतः नेऊन दिलं. दारात उभ्या उभ्या त्यांनी ते वाचलं, घडी घातली.

"बरं," ते म्हणाले, "हे वेगळंच आहे."

मग त्यांनी मला कॉफी विचारली. मी नको म्हटलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

ही हकिगत मी मुद्दाम मराठीत लिहिली, कारण या प्रकरणानंतर डॉ. टॉलेफ्सन आणि आणखी एक परीक्षक प्रकृतीचं कारण देऊन मंडळ सोडून गेले आहेत आणि दोन जागा रिकाम्या आहेत. मी पेटिबोनना म्हटलं, काळजी नको, आमच्याकडे तयार माणसं मिळतील. तेव्हा घरकामाच्या बाईनं 'पानी गेलं' म्हटल्यावर पाण्याआधी 'णी' आठवते अशा, वर्गातल्या एखाद्या पोराचा 'न' ऐकून त्याचं गाव, आडनाव आणि उरलेलं सगळं मनात लिहून टाकणाऱ्या वाचकांनी अर्ज करावेत. नेस्वा येत नसली तरी चालेल, दात इथे आल्यावर घासून मिळतील. अनुभवाच्या रकान्यात आईचं नाव लिहिलं तरी पुरे आहे.