एका वाक्याचे हिस्सेदार

उदगीरचे महारुद्रप्पा माझ्या नाटकाला येतात ते नाटक बघायला नाही, आपलं वाक्य ऐकायला. दुसऱ्या अंकात ते आलं की पहिल्या रांगेतून शेजाऱ्याला ढोसून सांगतात, "हे आमचं." साठ पानांच्या नाटकात एक वाक्य, आणि एवढ्या भांडवलावर हा गृहस्थ स्वतःला लेखक समजतो.

महारुद्रप्पा माझ्या सासुरवाडीचे शेजारी. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत दुकान. जन्मात पुस्तक उघडलं असेल तर पावतीपुस्तक. एकदा जेवताना ते बोलून गेले, "मापून वाढलं की घराचं दुकान होतं." मी ते नाटकात घातलं आणि फसलो.

प्रत्येक प्रयोगाला मला मानधन मिळायचं. त्यातला तिसरा हिस्सा मी गाणी लिहिणाऱ्या मित्राला द्यायचो. ही बातमी उदगीरला पोचली आणि अप्पा नांदेडला माझ्या दारात हजर.

"गाणंवाल्याला हिस्सा, मग वाक्यवाल्याला का न्हाई जी?"

"अप्पा, त्याची पाच गाणी आहेत."

"पोत्यात माझी तूर मूठभर असली तरी माझीच ना? हिसाब म्हणजे हिसाब."

कटकट नको म्हणून प्रयोगामागं पन्नास रुपये कबूल केले. तर त्यांना ते कागदावर पाहिजे. वर अट, वाक्य गाळायचं न्हाई. पन्नास रुपये घ्यायला हा माणूस शंभराचं तिकीट काढून यायचा. असल्याचं दुकान चालतं तरी कसं, देव जाणे.

शेवटी वैतागून लातूरच्या प्रयोगात मी ते वाक्यच काढून टाकलं. पडदा पडल्यावर अप्पा विंगेत आले. मी तयारीतच होतो. "वाक्य नाही, हिस्सा नाही."

ते भांडले नाहीत. खुर्चीवर बसले.

"पैशाचं काय न्हाई जी. हिस्सा दिला की तुमी ते ठेवताल, असं वाटलं. माझ्या बायकोचं बोलणं हाय ते. मी सैपाकाला डाळ मापून काढून द्यायचो, तवा म्हणायची. ती जाऊन सात वर्षं झाली. आता घरात मला तसं कोणी बोलत न्हाई."

आमच्या नायिकेनं, वसुधानं, हे ऐकलं. अर्धा रंग पुसलेल्या चेहऱ्यानं ती पुढं आली आणि ते वाक्य म्हणाली, अगदी हळुवार.

अप्पांनी मान हलवली. "एवढं गोड नगं, बाई. ती लई चिडून म्हणायची."

वसुधानं कमरेवर हात ठेवला आणि पुन्हा म्हणाली.

"हाव, अस्संच," अप्पा म्हणाले, आणि तोंड फिरवून बसले.