अठ्ठावीस तासांचा दिवस

सूनबाईला चार दिवस झोपायचं होतं. कुठं फिरायला जायचं नव्हतं, काही विकत घ्यायचं नव्हतं. धाकट्या बहिणीच्या घरात मागच्या बाजूला एक खोली होती आणि तिच्या दाराला आतून कडी होती. ती कडी लावून चार दिवस पडून राहायचं, एवढीच इच्छा. अडीच वर्षांपूर्वी आप्पांचं, म्हणजे तिच्या सासऱ्यांचं, उजवं अंग गेलं. तेव्हापासून त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागे, आणि तेव्हापासून सूनबाई सलग दोन तासांच्या वर झोपलेली नव्हती. नवऱ्याला ती महिन्यातून एकदा विचारायची, "चार दिवस तू घरी थांबशील का?" तो म्हणायचा, "रजा कुठंय गं." झालं, विषय तिथंच मिटायचा.

म्हणून तो एका संध्याकाळी आठ पानी फॉर्म घेऊन आला, तेव्हा तिला तो देवासारखा वाटला. तो पंप बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी खात्यात होता. कारखान्यानं नवी योजना काढली होती. घरात आजारी माणसाची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला दहा दिवसांची पगारी काळजी रजा.

"दहातले चार तुझे," नवरा उदार होऊन म्हणाला. "जा बहिणीकडे."

फॉर्मचं पहिलं पान त्यानं स्वतः भरलं. त्यात नाव, खातं आणि हजेरी क्रमांक एवढंच होतं. दुसऱ्या पानावर 'अर्जदार रुग्णासाठी दिवसभरात काय करतो, तासवार लिहा' असं आलं आणि घोडं अडलं. त्यानं पेन तिच्यापुढे सरकवलं. "हे तुला माहितीये सगळं. तूच भर. मी सही करतो."

सूनबाईनं आप्पांना भरवता भरवता, दोन दिवसांत, सहा पानं भरली. ती मुळात नेमकी बाई. सकाळी सहाला तोंड धुणं, साडेसहाला कपडे आणि चादर बदलणं, सातला पहिली औषधं, अकराला हातापायांचा व्यायाम, दर दोन तासांनी कूस, पाण्यात घट्ट करायची पावडर कालवून चमच्यानं पाणी पाजणं, कारण साधं पाणी त्यांना ठसकतं. पेपर वाचून दाखवणं आणि त्यावरून आप्पांशी वाद घालणं, अर्धा तास, हेही तिनं लिहिलं. वाद घातला नाही तर ते जेवत नसत. सगळ्याची बेरीज एकोणीस तास आली.

सातव्या पानावर रकाना होता, 'हीच कामे बाहेरून माणसे ठेवून करून घेतल्यास दरमहा खर्च.' तिनं माणसं पुरवणाऱ्या एका संस्थेला फोन लावला. पलीकडच्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दिवसाची एक धरा, रात्रीची एक, व्यायामाला वेगळी. स्वयंपाक आमच्यात येत नाही. आणि पेशंटनं वाद घातला तर आमची माणसं थांबत नाहीत, आधीच सांगते."

बाईनं सांगितलेला आकडा सूनबाईनं लिहिला आणि दोनदा तपासला. नवऱ्याच्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट होता. आनंद वगैरे काही झाला नाही तिला. आपण इतकं महागाचं काम करतोय हे कळल्यावर पाठ उलट जास्तच दुखायला लागली.

नवऱ्यानं फॉर्म न वाचता सही ठोकली आणि नेऊन दिला.

चौथ्या दिवशी तो दुपारीच घरी आला. तोंड उतरलेलं. आस्थापना विभागातल्या कारकुनानं साधी बेरीज केली होती. घरी एकोणीस तास, जाऊन येऊन कारखान्यात नऊ. म्हणजे या माणसाचा दिवस अठ्ठावीस तासांचा. शिवाय रोज अकरा वाजता फॉर्मप्रमाणे तो घरी वडिलांचा हात वरखाली करत होता आणि हजेरीच्या यंत्राप्रमाणे खरेदी खात्यात बसलेला होता. दोन्हींपैकी एक खोटं होतं. हजेरी खोटी असेल तर चौकशी, आणि फॉर्म खोटा असेल तरी चौकशी.

"तू काय सांगितलंस मग?" सूनबाईनं विचारलं.

"म्हटलं, वेळा जरा पुढंमागं झाल्यात. करतो सगळं मीच."

"सगळं?"

"रजा फक्त मुख्य काळजी घेणाऱ्याला मिळते. शेवटच्या पानावर लिहिलंय बारीक अक्षरात. आता शनिवारी त्यांची कल्याण अधिकारी घरी येणार आहे. बघायला."

सूनबाईला त्या कडीच्या खोलीचं दार हळूच बंद होताना दिसलं, आणि तेही बाहेरून. चिडायचं म्हटलं तरी अंगात जोर लागतो. तो नव्हता. ती म्हणाली, "चल, शिकवते."

शुक्रवारी संध्याकाळी नवऱ्याची शाळा भरली. पांढरी गोळी जेवणाआधी, पिवळी नंतर. उठवताना डावा पाय आधी खाली. खुर्चीचा ब्रेक लावल्याशिवाय हात घालायचा नाही. नवरा हाताच्या तळव्यावर पेनानं लिहून घेत होता. आप्पा पडल्या पडल्या हे बघत होते. त्यांना बोलायला वेळ लागे, पण जे बोलायचे ते पूर्ण शुद्धीत. "परीक्षा कधी?" त्यांनी विचारलं.

"उद्या, आप्पा. तुम्ही फक्त गप्प राहायचं," मुलगा म्हणाला.

आप्पांनी मान हलवली. आयुष्यभर ते गप्प राहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

सूनबाईचं काम सगळ्यात अवघड होतं. तिनं काहीच करायचं नव्हतं. शनिवारी साडेदहाला ती केस विंचरून समोरच्या खोलीतल्या सोफ्यावर बसली. तिथून आप्पांचा पलंग सरळ दिसे. दिवसाढवळ्या त्या सोफ्यावर बसायची तिला सवय नव्हती. हात कुठं ठेवायचे ते कळेना. तिनं जवळची उशी मांडीवर घेतली, अभ्रा काढला, घडी घातली, परत चढवला. नवऱ्यानं डोळे वटारले तेव्हा तिनं उशी बाजूला ठेवली आणि हात मांडीखाली दाबून धरले.

कल्याण अधिकारी बाई वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या, खांद्याला जड पिशवी. पाणी नको म्हणाल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि फाईल उघडली. आधी त्यांनी सूनबाईकडे बघितलं.

"तुम्ही काय करता?"

"काही नाही," सूनबाई म्हणाली. "घरीच असते."

बँकेत, दवाखान्यात, लग्नकार्यात हेच उत्तर तिनं आजवर शंभरदा दिलं होतं. ते असं ठरवून, पाठ करून द्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती. त्या मानानं ते सहज निघालं, आणि त्याचंच तिला वाईट वाटलं.

बाई आप्पांकडे वळल्या. "आजोबा, तुमचं सगळं कोण करतं?"

आप्पांनी डावा हात उचलून मुलाकडे दाखवला. "हा," ते म्हणाले. मुलानं सुटकेचा श्वास सोडला. आप्पांचं वाक्य संपलं नव्हतं. "आज... पासून."

"विसरतात ते," नवरा घाईघाईनं म्हणाला.

"चालू द्या तुमचं," बाई म्हणाल्या. "मी नुसती बघते. अकरा वाजलेत. फॉर्मप्रमाणे आता खुर्चीत बसवून व्यायाम."

नवऱ्यानं हाताचा तळवा बघितला. सकाळपासूनच्या घामानं अक्षरं पुसून निळा डाग उरला होता. त्यानं चाकांची खुर्ची पलंगाशी आणली, आप्पांच्या दोन्ही काखांत हात घातले आणि उचललं.

"ब्रेक," सोफ्यावरून आवाज आला. सूनबाई पंख्याकडे बघत होती.

उशीर झाला होता. खुर्ची मागं सरकली, नवऱ्याचा तोल गेला आणि तो स्वतःच खुर्चीत बसला. आप्पा पलंगाच्या कडेला होते तिथंच राहिले. खुर्ची नवऱ्याला घेऊन भिंतीपर्यंत गेली आणि थांबली. आप्पांनी डावा हात हलवून त्याला निरोप दिला.

"परत करतो," नवरा म्हणाला.

"डावा पाय आधी खाली," सूनबाई पंख्याला म्हणाली. "गुडघा गुडघ्याला लावून. कंबरेतून नाही, पायावर जोर."

उंटावरून शेळ्या हाकायला एरवी मजा येत असेल. सूनबाईला मांडीखालचे हात धरून ठेवताना घाम फुटला. नवऱ्यानं कसंबसं आप्पांना खुर्चीत घातलं, एका बाजूला कललेले. दमून तो म्हणाला, "पाणी देतो त्यांना," आणि टेबलावरचा ग्लास भरून सरळ आप्पांच्या ओठांना लावायला गेला. साधं पाणी, पावडर न घातलेलं.

ग्लास ओठांपर्यंत पोचला नाही. सूनबाई सोफ्यावरून कधी उठली, मधलं टेबल कसं ओलांडलं, तिचं तिलाही कळलं नाही. ग्लास तिच्या हातात होता. दुसऱ्या हातानं तिनं आप्पांना सरळ केलं, खांद्यामागं उशी सारली, पाण्यात पावडर कालवली, चमचा ओठाला लावला आणि गळ्यावर बोट ठेवून गिळल्याची खात्री केली. चार चमचे झाले. मग तिला आठवलं की आपण काही करत नाही. तिनं चमचा नवऱ्याच्या हातात दिला आणि परत सोफ्यावर जाऊन बसली.

बाईंनी चष्मा काढून पुसला.

"एकोणीस तास खोटे नाहीत," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "फक्त ते तुमचे नाहीत."

"मॅडम, मी..."

"राहू द्या. माझी आई आहे घरी. इथून सुटले की माझी पाळी. ग्लास कोण कसा धरतं त्यावरून मला कळतं." त्यांनी सातवं पान उघडलं. "हा खर्चाचा आकडाही बरोबर आहे. आमच्या कारखान्यात इतका पगार फार थोड्यांना आहे. अडचण अशी आहे की रजा मुख्य काळजी घेणाऱ्याला मिळते. तुम्ही ते नाही. आणि ज्या आहेत त्या आमच्या हजेरीपटावर नाहीत. त्यांना रजा द्यायला त्यांचा कुणी साहेबच नाही. अर्ज मागं घ्या, चौकशीचं मी बघते."

सूनबाईनं मान खाली घातली. चार दिवस गेले. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं येऊ दिलं, नाहीतरी हात रिकामेच होते.

बाई फाईल बांधता बांधता थांबल्या. "मला एक कळलं नाही. तुमची हक्काची रजा एकशे बारा दिवस शिल्लक आहे. त्यातले दहा घ्यायचे सोडून हा उपद्व्याप कशाला केलात?"

सूनबाईनं मान वर केली.

"एकशे बारा?" ती म्हणाली.

"ती साठवलीय," नवरा खुर्चीच्या चाकाकडे बघत म्हणाला. "नोकरी संपताना तिचे पैसे मिळतात. शिवाय पुढं कधी गरज पडली तर..."

"पुढं म्हणजे," आप्पा म्हणाले. सगळे थांबले. आप्पांना वेळ लागला. "मी गेल्यावर."

ते एकटेच हसले. हसताना त्यांचं तोंड एका बाजूला जाई, त्यामुळे ते हसतायत की कळवळतायत हे परक्याला समजत नसे. सूनबाईला समजलं. ते हसत नव्हते.

तिला राग आला. अडीच वर्षांत पहिल्यांदा, पोटापासून, जोरकस राग. मांडायला लागली असती तर पुष्कळ होतं. ती एवढंच म्हणाली, "तीस महिने मी विचारत होते. दर महिन्याला." आणि बॅग काढायला आत गेली. बाई दारातून बाहेर पडताना नवऱ्याला म्हणाल्या, "सोमवारी साधा अर्ज पाठवा. एका पानाचा असतो."

रविवारी सकाळी ती निघाली. पलंगाशी गोळ्यांचा डबा लावला होता, भिंतीवर वेळा मोठ्या अक्षरांत चिकटवल्या होत्या. आप्पांच्या पाया पडायला ती वाकली, तर त्यांनी डाव्या हातानं तिला दाराकडे ढकललं.

पहिल्या दिवशी नवऱ्याचे अकरा फोन आले. पावडर किती चमचे, चादर कुठल्या कपाटात, आप्पा जेवत नाहीत, पेपरातलं नेमकं कशावर वाद घालायचा. ती डोळे न उघडता उत्तरं देत होती. दुसऱ्या दिवशी चार आले. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकही नाही, तेव्हा तिला जाग आली ती काळजीनंच. तेवढ्यात फोन वाजला.

"आप्पा बरे आहेत ना?" तिनं विचारलं.

"बरे आहेत. औषधं झाली. आत्ताच कूस बदलली. वाद पण घातला, जेवले." त्याचा आवाज खोल गेला होता. अशा आवाजात बोलणारं माणूस तिच्या ओळखीचं होतं, रोज आरशात दिसायचं.

"मग फोन कशाला केलास?"

"काही नाही. एक विचारायचं होतं." "तीन दिवस शोधतोय, सापडेना. या सगळ्यात तू बसतेस कधी?"

सूनबाईनं खरंच विचार केला. सकाळी सहापासून दिवस मनातल्या मनात चालत आणला, मग एकदा उलटा नेऊन पाहिला.

"आठवून सांगते," ती म्हणाली, आणि फोन ठेवून पुन्हा झोपली.