मानेवरची चामखीळ

विभागप्रमुखाची खुर्ची मलाच मिळणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती! कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात मी एकोणीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवतोय. शुक्रवारी मला आणि विभागातल्या अनुजा मॅडमना निवड समितीपुढे वर्ग घ्यायचा होता, आणि माझा विषय मीच निवडला होता: गोचीड. घरचंच मैदान!

गुरुवारी संध्याकाळी सूट घालून बघताना कॉलरखाली काहीतरी लागलं. बायकोला, इरावतीला, मान दाखवली.

"अहो, चामखीळ आलीय की! चांगली वाटाण्याएवढी!"

"पण दुखत नाही, खाजत नाही."

"चामखीळ कुठं खाजती व्हय? घोड्याचा केस आणा. बांधला की आपोआप गळून पडती."

घोडा कुठला? रंकाळ्यावरचा! तसाच सूट-टायवर गेलो आणि पोरांना फिरवणाऱ्या घोड्याच्या शेपटाला हात घातला. मालक ओरडला, "पावणं, बसायचं असलं तर पुढनं या की!" केस मिळाला. नडगीवर लाथही मिळाली!

शुक्रवारी मानेला केस बांधून, चामखिळीला घासू नये म्हणून कॉलर मागं ओढून, लंगडत वर्गात शिरलो. पण काय रंगलो म्हणता! "गोचीड चावते तेव्हा लाळेतून अशी रसायनं सोडते, की दुखत नाही, सुजत नाही, खाजत नाही, रक्त गोठत नाही. शरीराचे पहारेकरी जागे असतात, पण त्यांना पत्ताच लागत नाही! आठवडाभर ती रक्त पिते आणि यजमान आपला खुशाल हिंडतो!"

असं म्हणून मी हसत फळ्याकडे वळलो.

"सर, थांबा!" समितीचे अध्यक्ष गणपतराव ओरडले. त्यांच्या घरी बारा म्हशी. "मानंवर काय हाय?"

"चामखीळ आहे, साहेब."

"अवो, चामखीळ पाय हलवतीया की!"

वर्ग हसून नुसता फुटला! मला गेला रविवार आठवला. मलकापूरची सासुरवाडी, मेहुण्याची म्हैस आणि तिच्या गळ्यात पडून काढलेला माझा फोटो. पाच दिवस बाईसाहेब माझ्यावर जेवत होत्या, आणि मी त्यांच्यावरच टिपणं काढत बसलो होतो!

गणपतरावांनी चिमट्यानं ती अलगद उपटून टेबलावर ठेवली. पोरं बाकांवरून उड्या मारत बघायला आली. एकोणीस वर्षांत माझ्या तासाला एवढी गर्दी झाली नव्हती. मला वाटलं, जिंकलो!

संध्याकाळी निकाल लागला. खुर्ची अनुजा मॅडमना!

मी गणपतरावांना जिन्यातच गाठलं. "साहेब, कुठं कमी पडलो?"

"शिकवलासा झकास, सर. पण पाच दिवस तुमचंच रक्त कोण पितंय, ते तुमास्नी कळंना. मग विभागाचं कोण पितंय, ते कवा कळायचं?"

मान चोळत जाऊन अनुजा मॅडमच्या पेढ्यांसाठी हात पुढे केला.