पडवीच्या राज्याची आणि न डोलणाऱ्या अकरा माशांची बखर

श्री. जळास नमन, काष्ठास नमन, आणि गळाच्या टोकास विशेष नमन, की ज्याने अंगठा भेदिला तरी कारागीर पुन्हा त्यासच हाती घेतो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ते समयी खाडीकाठी एक राज्य होते. विस्तार म्हणाल तर घराच्या उजव्या अंगाची पडवी, लांबी चौदा हात, रुंदी सात, पूर्वेस विहीर, पश्चिमेस शेवगा, उत्तरेस धाकट्या बंधूंचे घर आणि दक्षिणेस खारे पाणी. या मुलखाचे धनी हसूराम मिस्त्री, वय अडुसष्ट, देह कृश, नजर शाबूत, जीभ मात्र जरा तिखट. पंचेचाळीस वर्षे यांनी होड्या बांधिल्या, आणि मिस्त्रींच्या होडीत बसून भरतीच्या लाटेवर चहा प्यावा, बशीत थेंब सांडणार नाही, ऐशी कीर्ती चार बंदरांत जाहली. मग काळ फिरला, फायबरच्या होड्या साच्यातून पटापट निघू लागल्या, आणि होड्यांच्या कारखान्याचे मालक बोलिले, "मिस्त्री, आता आराम करा." हुकूम शिरावर घेतला, पण हात ऐकेनात. चार महिने मिस्त्री ओट्यावर बसून राहिले आणि फार उदास जाहले, हे लपविण्याचे कारण नाही. मग एके सकाळी पांगाऱ्याचे ओंडके पडवीत आणविले आणि लाकडाचे मासे करण्याची मोहीम मांडली, की ज्यांस गळ अडकवून दोरीने खाडीत फेकावे, पाण्यातून ओढत आणावे, आणि जिताडा नामे मातबर मासा त्यांस खरे भक्ष्य समजून धावून यावा.

कामाची रीत ऐशी. पांगारा वजनास हलका आणि पटाशीस नरम, म्हणून तो पसंत केला. वीतभर तुकडा तासून त्यास बोय माशाचा घाट दिला, काचपेपरने घासून लोण्यासारखा गुळगुळीत केला, आरपार पितळी तार ओवून खाली दोन गळ टांगिले, तोंडाशी ॲल्युमिनियमच्या जुन्या ताटलीची पत्री कापून ओठासारखी बसविली, आणि पोट कोरून त्यात शिसे ओतिले. मग पाठीस हिरवा, पोटास रुपेरी रंग दिला, काळे डोळे काढिले, वार्निशाचे तीन हात मारिले, आणि अंगणातील पाण्याच्या टाकीत सोडून दोरीने ओढिला. मासा तीरासारखा सरळ गेला. धनी बहुत खूष जाहले. ऐसे एकामागून एक अकरा सरदार तयार केले, त्यांस खुंटीवर ओळीने टांगिले, आणि रोज भरती पाहून एकेकास खाडीवर नेले; परंतु नवल ऐसे की खाडीतल्या एकाही माशाने त्यांकडे ढुंकूनसुद्धा पाहिले नाही.

ऐशात उत्तरेकडून स्वारी आली. धाकटे बंधू कमळाकर यांनी आपल्या घरी पर्यटकांसाठी दोन खोल्या काढिल्या होत्या, त्या शनिवार-रविवार भरू लागल्या, तेव्हा त्यांची नजर पडवीवर गेली. पडवी दोघां भावांची सामाईक, हक्क दोघांचा. कमळाकर येऊन अदबीने बोलिले, "दादूस, पडवीला फरशी घालू, भिंतीला निला रंग मारू, येक खोली आनखी होईल. तुझी हत्यारा माल्यावर ठेवू." हत्यारे माळ्यावर गेली म्हणजे आपणही माळ्यावरच गेलो, ऐसे मिस्त्रींचे मनी आले, आणि त्यांनी साफ नकार दिला. मग प्रकरण खुद्द चांगुणाबाईसाहेबांपुढे गेले. बाईसाहेब म्हणजे मिस्त्रींचे कुटुंब. तीस वर्षे डोईवर पाटी घेऊन यांनी बाजारात मासळी विकिली, आणि यांचा शब्द दोन्ही भावांची घरे मानीत. बाईंनी दोघांचे ऐकून घेतले आणि निवाडा दिला, "होलीपावतर मुदत. यांच्या लाकराच्या माशान खरा मासा आनला, तर परवी यांची. नायतर कमलाकरची." निवाडा उभय पक्षांनी मान्य केला.

निवाडा देऊन बाई टाकीपाशी आल्या, अकरावा सरदार पाण्यात ओढून पाहिला, आणि हसू आवरेना. म्हणाल्या, "अवो, ह्यो मासा नाय, ही तुमची होरी हाय! जिता मासा कवा असा सरल जातो काय? जिताडा धावतो तो लंगऱ्या माशावर. तुमचा मासा तर लग्नाच्या वरातीन चालल्यावानी चाललाय." बोल खरा होता आणि म्हणूनच वर्मी लागला. होडीच्या तळाशी जे वजन घालितात त्यास नीरम म्हणतात, ते जितके खाली आणि जितके मध्यावर, तितकी होडी स्थिर. मिस्त्रींच्या हातांनी सवयीने प्रत्येक माशाच्या पोटी तोच न्याय लाविला होता, आणि डोलणारी वस्तू हातून सोडिली म्हणजे अब्रू गेली, हे तर त्यांच्या हाडीमासी खिळलेले. मिस्त्री तापून बोलिले, "मासली इकनारीन मना लाकूर शिकवू नये." शब्द गेला तो गेला. बाई पदर झटकून आत गेल्या आणि त्या दिवसापासून अबोला पडला. चहा वेळेवर येई, भाकरी गरम येई, परंतु कपबशी ओट्यावर टेकल्याचा आवाज तेवढा येई. अबोला भांडणाहून वाईट, हे मिस्त्री तीन दिवसांत समजून चुकले. पण हट्ट म्हणजे कोकणच्या माणसास फणसाचा चीक, हातचा सुटता सुटत नाही.

नवव्या दिवशी मिस्त्री ओहोटीस एकटेच खाडीवर जाऊन बसले. उथळ डबक्यात बोयांची पिल्ले अडकली होती, दहा-पंधरा, सगळी झपाझप सरळ पळत होती, आणि एकाचे शेपूट खडकावर घासून दुखावले होते, ते एकदा डावीकडे कलंडे आणि एकदा उजवीकडे. काठचा बगळा धट्टीकट्टी पिल्ले सोडून नेमके त्यासच उचलून घेऊन गेला. मिस्त्री उठले, घरी आले, पडवीचे दार आतून लाविले, आणि बारावा मासा करावयास घेतला. घाट तोच, रंग तोच; परंतु शिसे निम्मे केले आणि पोटातून काढून गळ्याशी नेले, ओठाची पत्री रुंद केली, आणि पाठ जरा फुगीर ठेविली. हात वारंवार जुन्या जागी जाई आणि मिस्त्री त्यास वारंवार मागे ओढीत. टाकीत सोडून पाहिला तो मासा दारुड्यासारखा झोकांड्या खात निघाला, आणि मिस्त्रींस इतकी लाज वाटली की त्यांनी आजूबाजूस पाहून तो धोतराच्या सोग्यात लपविला.

फाल्गुन शुद्ध त्रयोदशी, बुधवार, होळीस एकच दिवस उरला. दुपारी ओहोटी लागली आणि खासा स्वारी बांधावर गेली. कमळाकरही गेले, कारण मुदत संपताना प्रतिपक्षाने हजर असावे ही रीत. मिस्त्रींनी बारावा मासा फेकिला, ओढिला, फेकिला, ओढिला. सतरा वेळा फेकिला आणि पाण्यावर काही उमटेना. कमळाकर सावलीत बसून जांभया देऊ लागले. अठराव्या वेळी मासा लंगडत काठाशी येत होता, तोच खाडीतल्या तिवरांच्या झाडीपाशी पाणी फुगले, दणका बसला, आणि काठी कमानीसारखी वाकली. जिताडा! काठीवरची दोरीची चक्री कुरकुरू लागली, दोरी सुटू लागली, आणि मासा सरळ तिवरांच्या मुळांकडे निघाला, की जेथे दोरी अडकली म्हणजे तुटलीच. चिखलात उतरण्याची मिस्त्रींस ताकद नव्हती. "गेला! गेला रं!" ऐसा शब्द तोंडातून निघतो तो कमळाकर उठले, कोरी पँट पाहिली नाही, घड्याळ पाहिले नाही, कमरेइतक्या चिखलात उडी घातली आणि ओरडले, "तानून धर दादूस! सोरू नको! मी हाय!" मुळांच्या आड उभे राहून त्यांनी मासा अडविला, कल्ल्यात हात घातला, आणि छातीशी कवटाळून वर आणिला. साडेचार किलोंचा ऐवज. मग चिखलात उभे राहून त्यांस भान आले, आणि ते म्हणाले, "दादूस, मी ह्यो काय केला? माझी खोली गेली की!" मिस्त्री हसू लागले, हसता हसता डोळे पुसू लागले, आणि हात देऊन भावास वर घेतले. खाडीकाठी वाढलेल्या माणसास जिताडा दिसला म्हणजे वाटणी आठवत नाही, हेच खरे.

संध्याकाळी कालवणाचा वास शेवग्यापर्यंत गेला. दोघे बंधू पानावर बसले. कमळाकर विचारते जाहले, "तुझा मासा डोलाया कसा लागला रं? सुचला कसा तुला?" चुलीपाशी बाईंचा हात थांबला. मग मिस्त्री सर्वांदेखत बोलिले, "मना नाय सुचला. तुझ्या वयनीन सांगितला. मी उलट तिलाच बोललो. माझा चुकला." बाई वळून पाहीनात, एवढेच म्हणाल्या, "जेवा आता, निवतंय," आणि येणेप्रमाणे अबोला मोडिला. मग बाईंनी जिताड्याचे डोके पळीत घेतले, की जे माशातील सर्वांत गोड, आणि घरच्या कर्त्या पुरुषास वाढण्याचा दंडक. मिस्त्रींनी ताटावर हात आडवा धरिला. म्हणाले, "तू बस आदी." बाई बोलिल्या, "काय तरी काय!" मिस्त्री हात काढीनात. मग बाई बसल्या, आणि मिस्त्रींनी स्वहस्ते डोके त्यांच्या ताटात ठेविले.

एवंच, पडवी राहिली, हत्यारे खुंटीवर राहिली, कमळाकरांनी दोन खोल्यांवर समाधान मानिले. मोहिमेत खर्ची पडली ती एक पँट. आणि एकेचाळीस वर्षे जिताड्याचे डोके रांधणाऱ्या चांगुणाबाईसाहेबांनी ते प्रथमच खाल्ले, सावकाश खाल्ले, काटा न् काटा चोखून खाल्ले. बखर पुरी जाहली.