रंगीत फोटोतलं निळं धोतर

दत्तोबांच्या घरचा रंगीत फोटो मुंबईहून धुऊन आला, तेव्हा निम्मं चाकण ओसरीवर जमलं. गावात रंगीत फोटो कुणी पाहिलेलाच नव्हता. बदलीवर जाणाऱ्या एका लष्करी साहेबानं देहूरोडच्या लक्ष्मणराव फोटोग्राफरांना रंगीत रोल दिला होता. त्यांनी त्यावर दत्तोबा आणि त्यांच्या बायकोचा, यशोदाबाईंचा, फोटो अंगणात, लख्ख उन्हात काढला होता.

यशोदाबाईंनी फोटो हातात घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला. नवऱ्याचं पांढरंशुभ्र धोतर निळं दिसत होतं.

"रंभे, किती नीळ घातलीस गं?"

"चिमूटभरच, आत्याबाई," नवी सून म्हणाली.

"मंग फोटू खोटं बोलतोय व्हय?"

बायका गालात हसल्या. संध्याकाळपर्यंत ही बातमी ओढ्यावर पोचली, आणि चौथ्या दिवशी निगडीला रंभाच्या वडिलांच्या कानावर गेली. नानासाहेब तडक आले. चहाला नको म्हणाले, फोटो मागून घेतला आणि दारातल्या उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले.

"इहीणबाई, धोतर निळं हाय खरं. पर तुमचं तोंडबी निळंच हाय. ते काय माज्या लेकीनं धुतलं?"

दत्तोबांना हसू आवरेना. यशोदाबाईंना मात्र ते झोंबलं. त्यांनीच लक्ष्मणरावांना बोलावणं धाडलं.

लक्ष्मणराव आले ते रोलचं रिकामं खोकं घेऊनच. त्यावरची बारीक इंग्रजी अक्षरं त्यांनी आता कुठे वाचली होती.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "ही फिल्म विजेच्या दिव्याखाली वापरायची. तो उजेड पिवळट असतो, म्हणून ही निळा रंग जास्त धरते. उन्हात वापरली की सगळंच निळं."

"पर दिव्यातबी धोतर आमाला पांढरंच दिसतंय की," दत्तोबा म्हणाले.

"डोळा सांभाळून घेतो, दत्तोबा. फिल्मला ते जमत नाही."

रंभा दाराआड उभी होती. आता तरी सासू काही बोलेल म्हणून ती थांबली. यशोदाबाई चहा टाकायला आत गेल्या.

पुढच्या आठवड्यात शेजारची गोजाबाई आली आणि भिंतीवरच्या फोटोपुढे उभी राहिली.

"सुनेनं नीळ लईच वतली गं!"

यशोदाबाई ताडकन उठल्या. "तुला काय कळतंय? इजेच्या दिव्याची फिलम हाय ती, उन्हात काढल्याली! माज्या सुनेचं धुणं बघायचं आसंल तर परसात जा, दोरीवर वाळतंय."

गोजाबाई खरंच परसात गेली. चुलीपुढे रंभाचे हात जागीच थांबले. तव्यावरची भाकरी करपली, पण त्या दिवशी तिला कुणी काही बोललं नाही.